पाठीमागचा उजेड

"समुद्र हवा, पण तो कुठला समुद्र आहे ते कळता कामा नये."

आमच्या ऑफिसकडे एका गिऱ्हाइकाने खरोखर अशी मागणी पाठवली होती. पुढे आणखी बरंच होतं. वाळू हवी, पण तिच्यावर कचरा नको. म्हातारं जोडपं हवं, हातात हात घेतलेलं. ते दुःखी दिसू नये, आणि दात काढून हसतानाही नको. आकाश भरपूर मोकळं हवं, कारण तिथे नंतर अक्षरं येणार. आणि संध्याकाळचा ऊबदार उजेड हवा.

आपल्या मंडळाच्या अंकासाठी कामाचा अनुभव लिही, असं संपादक म्हणाले तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. अनुभव निवृत्त माणसांनी लिहावेत. मी अजून कॉलेजात आहे. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच, त्यामुळे लिहिताना आपण काही चुकीचं तर बोलत नाही ना, अशी धाकधूक असते. पण संपादक म्हणाले, "तू नेमकं करतेस काय, हेच आम्हाला कुणाला कळलेलं नाही. तेवढं तरी सांग." म्हणून सांगते.

बँकेत गेलात की भिंतीवर एक चित्र असतं. आजी-आजोबा बागेत बसलेले, किंवा एखादी मुलगी छत्री घेऊन उभी, आणि बाजूला 'आपलं भविष्य सुरक्षित' वगैरे. ती आजी त्या बँकेची खातेदार नसते. ते छायाचित्र कुणीतरी आधीच काढून एका मोठ्या साठ्यात ठेवलेलं असतं आणि ज्याला हवं तो ते विकत घेऊन वापरतो. आज बँक, उद्या दवाखाना, परवा टूथपेस्ट. अशी साठ्यासाठीची छायाचित्रं काढणं हे माझं काम. चेन्नईत शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअर कंपन्यांच्या काचेच्या इमारतींमागे आमचं छोटं ऑफिस आहे. आम्ही फक्त बाहेरची, उघड्यावरची छायाचित्रं काढतो.

छायाचित्र कुणालाही आपलं वाटायला हवं, ही या कामाची पहिली अट. म्हणून दुकानाची पाटी नको, शर्टावर कंपनीचं नाव नको, गाडीचा नंबर नको. चेहरा दिसत असेल तर त्या माणसाची लेखी परवानगी हवी. आणि कुठेतरी रिकामी जागा सोडायची. मला सुरुवातीला या रिकाम्या जागेचा फार त्रास झाला. मला वाटायचं, एवढा महाग कॅमेरा ऑफिसने हातात दिलाय, तर चौकट काठोकाठ भरायला नको का?

ती छायाचित्रं तपासायच्या सेल्वी मॅडम. त्यांच्यामुळे मी हे काम शिकले. त्या माझं छायाचित्र पडद्यावर मोठं करून शांतपणे बघायच्या आणि एकच प्रश्न विचारायच्या, "लाइट एंगे, मा?" म्हणजे, उजेड कुठाय, बाई?

मला कळायचंच नाही. उजेड तर सगळीकडे होता! कॉलेज सुटल्यावर दुपारी मी छायाचित्रं काढायला निघायची, आणि चेन्नईच्या दुपारी उजेडाची काय कमी? एकदा मॅडम मला खाली रस्त्यावर घेऊन गेल्या. मला उन्हात उभं करून त्यांनी माझंच छायाचित्र काढलं. डोळ्यांच्या जागी काळे खड्डे, नाकाखाली मिशीसारखी सावली. मग मला इमारतीच्या सावलीत, कडेला, समोर पांढरी भिंत येईल असं उभं केलं आणि पुन्हा काढलं. तीच मी, तीच दुपार. पण डोळ्यांत चमक आली होती आणि गालावरचा जुना व्रणसुद्धा मऊ दिसत होता. समोरच्या भिंतीवरून उजेड परतून माझ्या चेहऱ्यावर येत होता.

"ऊन वेगळं, उजेड वेगळा," त्या म्हणाल्या. "ऊन पडतं. उजेड येतो. तो कुठून येतो ते आधी बघ, मग कॅमेरा काढ."

तिथेच मला या कामाचं वेड लागलं असावं. मी रस्त्याने जाताना भिंती बघू लागले. कुठल्या घराच्या पिवळ्या रंगामुळे समोरची फुलवाली सकाळी उजळते, पाण्याच्या टाकीखाली उजेड कसा हिरवट होतो. इतकी वर्षं हे सगळं माझ्यासमोर रोज होत होतं आणि मी पाहिलंच नव्हतं, याचं मला फार आश्चर्य वाटायचं.

माझं पास झालेलं पहिलं छायाचित्र महेशदादाचं. दादा माझा चुलतभाऊ. इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तो कामाला होता आणि मी त्याच्याकडेच राहून शिकत होते. रात्रपाळी करून कंपनीच्या बसमधून उतरलेला दादा, सकाळच्या कोवळ्या उजेडात, डोळे मिटून मान वर केलेला. चेहऱ्यावर इतकं समाधान की मॅडमही हसल्या. काही दिवसांनी दादाच्या कारखान्याच्या फाटकासमोरच मोठा फलक लागला. पोट साफ करणाऱ्या चूर्णाची जाहिरात, आणि वर आमचा दादा.

"सायले, अख्खी पाळी मला विचारते, झाली का सकाळी?" दादा घरी येऊन ओरडला. "एवढं तोंड काय तू यासाठी काढलंस?"

"मला काय माहीत कोण घेणार! तूच तर परवानगी दिलीस."

"मला वाटलं, मोटारीच्या जाहिरातीत येईन!"

खालच्या मजल्यावरच्या मामी तर हसता हसता पायरीवर बसल्या. मामा आणि मामी म्हणजे तुळजाराव आणि कमलाबाई. इथल्या पद्धतीने आम्ही त्यांना मामा-मामी म्हणतो. दोघं तंजावरकडचे, पिढ्यान्पिढ्या इकडेच असलेल्या मराठी घरातले. मामा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांची मराठी ऐकली की मला आपण फार जुन्या काळात आल्यासारखं वाटतं, आणि मध्येच तमिळ शब्द आला की पुन्हा चेन्नईत. "तुझा दादा बरा दिसतोय की," मामी म्हणाल्या, "पण औषध काय म्हणून सांगू नकोस कोणास!"

हे सगळं हसण्यावारी गेलं, पण त्याच सुमारास दादाची बदली चाकणला झाली. त्याचं घर सुटणार होतं. मला चेन्नईत राहायचं तर वसतिगृहात जावं लागणार, आणि तेवढी कमाई त्या कामातून व्हायची तर मॅडमनी मला कायम ठेवायला हवं होतं. तोवर मी उमेदवारीवरच होते. माझी एकेकटी छायाचित्रं अधूनमधून पास व्हायची, पण एका विषयावरचा पूर्ण संच कधीच झाला नव्हता. क्षितिज वाकडं, आकाश जास्त उजेडाने जळून पांढरं झालेलं, सावल्या कडक. "तुझा समुद्र डावीकडे सांडतोय," असं मॅडमनी एकदा म्हटलं होतं.

बाबांना हे कळलं तसा त्यांचा फोन आला. रत्नागिरीकडे आमच्या गावच्या बंदरात बर्फाचा कारखाना आहे, बाबा तिथे बर्फ फोडतात. "नाय जमत तर ये गो बाय घरी," ते म्हणाले. "मालकांशी बोललोय. हापिसात बसशील, पंख्याखाली. कॉलेज काय, इकडून पण करता येतं म्हणतात."

ते मायेनेच बोलत होते. पण आमच्याकडे गावात राहून कॉलेज पुरं केलेलं माझ्या पाहण्यात कुणी नव्हतं. परत गेले की सगळं तिथेच थांबेल, हे त्यांना नाही तरी मला दिसत होतं.

आणि तेव्हाच ती समुद्राची मागणी आली. मॅडमनी ती माझ्यापुढे ठेवली. "हा संच तू कर. जमला तर राहा. नाही तर मला दुसरं कुणी बघावं लागेल." त्यांनी हे अगदी साधेपणाने सांगितलं. त्यामुळे ते जास्तच खरं वाटलं.

म्हातारं जोडपं तर खालीच राहत होतं. मी भीतभीत विचारलं. मामींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली होती, मी विचारलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांना दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. मी म्हटलं, "राहू दे मामी, तुम्हाला चालवणार नाही."

मामी म्हणाल्या, "आजच जाऊ. कां म्हटल्यास, उद्यापासनं किती दिवस मला समुद्र नाही, कोण जाणे. पाय भिजवून येऊ." आणि मामांना म्हणाल्या, "तुम्ही नवी वेष्टी नेसा. ती पिवळी पडलेली नको."

"माझा फोटो घेणार कोण? चूर्णवाले?" मामा म्हणाले, पण कोरी पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, नेसून आले.

मी आदली रात्रभर बसून कागदावर रेखाटनं केली होती. मध्यभागी लाल सूर्य, अर्धा पाण्यात. त्याच्यासमोर दोन काळ्या आकृती, हातात हात. डावीकडे रिकामं आकाश. मला ते अगदी डोळ्यांपुढे दिसत होतं. शेअर ऑटोने आम्ही कोवलमला (केरळातलं नव्हे, चेन्नईजवळचं) पोहोचलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होत्या, पण प्रत्येकीवर ठसठशीत नाव, नंबर, कुणा पुढाऱ्याचा चेहरा. त्या चौकटीत आल्या की छायाचित्र बाद. मी चालत चालत दोघांना पार टोकाला नेलं, जिथे नुसती वाळू होती. मामींना वाळूत चालणं जड जात होतं. ते मला दिसत होतं.

मी कॅमेऱ्याची तिपाई समुद्राकडे तोंड करून लावली. क्षितिज सरळ केलं. दोघांना उभं केलं. आणि वाट बघू लागले.

थोड्या वेळाने मामींनी विचारलं, "अगे, कोणाची वाट पाहतेस?"

"सूर्याची. खाली आला की घेते."

मामा आधी समुद्राकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग त्यांनी हळूच हाताने माझ्या पाठीमागे दाखवलं. मी वळले. सूर्य सुरूच्या झाडांच्या शेंड्यांना टेकला होता. जमिनीकडे. गावाकडे.

"अय्यो," मामा बाळाशी बोलावं तसं म्हणाले, "आमचा सूर्य समुद्रातनं सकाळी येतो, कण्णा. संध्याकाळी तो झाडांत जातो."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. पूर्व किनारा, पश्चिम किनारा, भूगोलात पाठ केलेलं होतं. मरीनाच्या किनाऱ्यावर दादाबरोबर कितीदा संध्याकाळी गेले होते, पण हरभऱ्याचं सुंडल खाताना सूर्य कुठे आहे हे कोण बघतं? लहानपणापासून संध्याकाळी समुद्राकडे तोंड केलं की डोळ्यांवर ऊन, हे माझ्या अंगात मुरलेलं होतं. मी चेन्नईत राहत होते आणि माझा समुद्र अजून रत्नागिरीचाच होता.

मी धावपळ केली. दोघांना फिरवलं, सूर्याच्या बाजूने काढून बघितलं. मागे विजेच्या तारा, आइस्क्रीमची गाडी, मासळीच्या टोपल्या, उभी राहिलेली बस. पुन्हा फिरवलं. आता ऊन दोघांच्या डोळ्यांत, मामांचं तोंड लिंबू चोखल्यासारखं. आणि सुरूच्या झाडांची सावली वाळूवरून आमच्याकडे सरकत येत होती.

"मामी, निदान हात तरी धरा," मी रडवेली होऊन म्हटलं.

"चल, काहीतरीच," मामी म्हणाल्या. "सगळ्यांसमोर? लग्नातसुद्धा पुरोहितानं बळेच धरवला होता."

"मी सोडलाच कोठे होता? हिनेच सोडला," मामा म्हणाले. "हिला अक्षता निवडायच्या होत्या डोक्यातनं!"

एरवी मी हसले असते. सावली माझ्या पायांवरून पुढे गेली, मामा-मामींवरून गेली, पाण्यापर्यंत पोहोचली. सूर्य गेला. मी तिपाईपाशी वाळूत बसले. उद्या मॅडमना काय सांगायचं, आणि बाबांना काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं. बर्फाच्या कारखान्यातला पंखा मला ऐकू यायला लागला होता.

"झालं ना तुझं?" मामी म्हणाल्या. "मग मी पाय भिजवून येते." आणि त्या पाण्याकडे निघाल्या, मागोमाग मामा.

मी भिंगावर झाकण लावायला मान वर केली, आणि माझा हात तसाच राहिला.

समोर, समुद्रावर, आकाश गुलाबी झालं होतं. जिथे सूर्य गेला तिथे नाही. त्याच्या अगदी विरुद्ध बाजूला. क्षितिजाला लागून एक निळा-करडा पट्टा होता, शांत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि त्याच्या वर गुलाबी. मी बघत असताना तो निळा पट्टा हळूहळू वर चढत होता. पाणी त्या दोन्ही रंगांचं झालं होतं. पाऊसकाळ नुकताच संपलेला, हवा धुतल्यासारखी स्वच्छ होती. आणि कुठेच सावली नव्हती. वाळूवरच्या बारीक नक्षीला, मामांच्या वेष्टीच्या निऱ्यांना, मामींच्या पांढऱ्या अंबाड्याला, सगळ्याला पाठीमागच्या आकाशातून सारखाच मऊ उजेड येत होता. अख्खं पश्चिमेचं आकाश म्हणजे मॅडमची ती पांढरी भिंत झालं होतं.

उजेड कुठून येतो ते आधी बघ. तो माझ्या पाठीमागून येत होता, केव्हाचा. मी सूर्य शोधत बसले होते.

मी वाळूवर पालथी पडले. खालून पाहिलं की क्षितिज माणसांच्या मानेतून जात नाही, खाली उतरतं, आणि डोकी मोकळ्या आकाशात येतात. पुढे पाण्याजवळ किनारा उतरता होता. मामी तिथे थबकल्या. गुडघा वाकेना. मामांनी हात पुढे केला, आणि मामींनी तो धरला. पडू नये म्हणून. दोघं माझ्याकडे पाठ करून एकेक पाऊल उतरत गेले, त्या गुलाबी आणि निळ्याच्या समोर, आणि वर आकाश इतकं मोकळं होतं की जगातली सगळी अक्षरं तिथे मावली असती.

मी छायाचित्रं काढत होते खरी, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि नीट दिसत नव्हतं. मग निळा पट्टा वर चढून गुलाबीत मिसळला आणि सगळं राखाडी झालं. एवढाच वेळ.

परतताना ऑटोत मी कॅमेऱ्यावरची छायाचित्रं मामींना दाखवली. त्यांनी ते हातात हात घेतलेलं बराच वेळ पाहिलं.

"हे कोठे कोठे जाईल?"

"कुठेही मामी. मला सांगता येणार नाही."

"चूर्णावरसुद्धा?"

खोटं बोलायचं मनात आलं नाही असं नाही. "हो. जाऊ शकतं. तुम्ही नको म्हणालात तर देणार नाही."

मामींनी छायाचित्र पुन्हा पाहिलं. मामा बाहेर रस्त्याकडे बघत होते, म्हणजे ऐकत होते.

"तोंड दिसत नाही ना?" मामी म्हणाल्या. "पाठी सगळ्यांच्या सारख्याच. कोणीपण आपलं म्हणून घेईल. दे." मग हळूच म्हणाल्या, "एक मला पण दे. दवाखान्यात ठेवायला."

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडमनी संच उघडला. सूर्यास्ताआधीची सगळी छायाचित्रं त्यांनी भराभर बाद केली. मग ती गुलाबी सुरू झाली आणि त्यांचा हात मंदावला. नेहमीसारखाच प्रश्न आला, "लाइट एंगे, मा?"

"माझ्या पाठीमागे, मॅडम."

त्या माझ्याकडे बघून हसल्या. मग निळ्या पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे काय आहे, माहीत आहे?"

"धुकं?"

"पृथ्वीची सावली. सूर्य खाली गेला की आपल्या पृथ्वीची सावली हवेवर पडते. ती ही अशी वर चढते. तीच पुढे रात्र होते."

मी सावल्या टाळायला शिकत होते आणि सगळ्यात मोठ्या सावलीचं छायाचित्र काढून आले होते. त्या दिवशी मला कायम केलं, हे मॅडमनी जाताजाता सांगितलं. तेही मी नीट ऐकलं नाही.

मामी आता काठीशिवाय चालतात. ते छायाचित्र पुढे कुठे कुठे गेलं, सगळं मला माहीत नाही. एक खंत आहे. जग दोघांच्या पाठीच बघेल. पण ते काढण्याच्या आधीच्या क्षणी मामींनी मागे वळून मामांकडे पाहिलं होतं, हात पुढे आला तेव्हा. तो चेहरा मी टिपला नाही. मी पालथी पडून क्षितिज सरळ करायच्या गडबडीत होते. तो फक्त मी पाहिला.

सुट्टीत गावी गेले तेव्हा बाबांना धक्क्यावर फोनमध्ये ते छायाचित्र दाखवलं. संध्याकाळ होती. बाबांचे हात बर्फाने सुरकुतलेले, फोन धरताना ओले.

"ह्यो आपलाच दर्या," ते लगेच म्हणाले. "सूर्य आताच बुडालाय बघ पाण्यात."

"नाही बाबा. हा तिकडचा आहे. सूर्य माझ्या पाठीमागे बुडाला."

समोर आमच्या समुद्रात सूर्य नुकताच गेला होता आणि धक्क्यावरची सगळी माणसं तिकडेच तोंड करून बसली होती, रोजच्यासारखी. मी बाबांना खांद्याला धरून वळवलं. समुद्राकडे पाठ, डोंगरांकडे तोंड. डोंगरांच्या वर तो निळा पट्टा होता आणि त्याच्या वर गुलाबी.

"ह्यो काय, रोजचा हाय?" बाबांनी विचारलं.

"रोजचा. आकाश स्वच्छ असलं की."

आयुष्यभर या धक्क्यावर संध्याकाळी बसलेला माणूस समुद्राकडे पाठ करून उभा होता. पट्टा वर चढून गुलाबीत मिसळेपर्यंत ते हलले नाहीत. मग फोन माझ्या हातात देत म्हणाले, "मालकांना सांगतो, हापिसातली जागा दुसऱ्या कोणाला द्या."